तुसाची धूळ, काकांचा ताप आणि कोंबडीच्या पेशी

कऱ्हाकाठ · रविवार, रात्री ९:५०

सासवडच्या पुढे माझ्या काकांची पाच हजार पक्ष्यांची शेड आहे, करारावरची. गेल्या आठवड्यात लॉट उचलला गेला आणि काका, दोन गडी मिळून खालचं तूस उपसायला लागले. काल मी पुण्याहून पोचले तेव्हा दुपार झाली होती. शेडचे पडदे अर्धे खाली, आणि उन्हाच्या तिरिपेत धूळ इतकी दाट की पलीकडच्या टोकाचा माणूस नुसता आकार वाटत होता. काकांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरली, अंग कसकसायला लागलं, छाती जड झाली. मी घाबरले. काकू आलं ठेचता ठेचता म्हणाली, "तूस उपसलं की यांना हे व्हायचंच. सकाळी बघ, आपले उठून गोठ्यात असतील." तसंच झालं.

मला मात्र रात्री झोप लागली नाही. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते आणि रोज कोंबडीच्या भक्षक पेशींवर, म्हणजे मॅक्रोफेजवर, जिवाणूंचे तुकडे घालून त्या काय करतात ते बघते. काकांना ज्याने ताप आणला असं मला वाटतं, तो रेणू माझ्या फ्रीजमध्ये छोट्या कुपीत असतो. त्याच रेणूच्या ढिगावर पाच हजार पक्षी चाळीस दिवस बसून, खाऊन, वाढून गेले. हे कसं, ते नीट लिहून काढावं म्हणून हा धागा.

रेणूचं नाव लायपोपॉलिसॅकराइड, एलपीएस. ई. कोलाय, साल्मोनेला यांसारख्या ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी आवरणाच्या, जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात तो ठासून भरलेला असतो. एका ई. कोलायवर साधारण दहा लाख. त्याचा बुडखा म्हणजे 'लिपिड ए' हा चरबीचा भाग. खरी करामत त्याची. जिवाणू मेला तरी हा भाग शाबूत राहतो, उकळून जात नाही, ऑटोक्लेव्हलाही, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेलाही, पुरून उरतो. काचसामान त्यापासून मुक्त करायचं तर आम्ही ते कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवतो. वाळलेल्या विष्ठेत आणि तुसाच्या धुळीत तो भरपूर असतो.

कोंबडीच्या मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो, जोडीला एमडी-२ हे छोटं प्रथिन. लिपिड ए एमडी-२च्या खाचेत बसलं की दोन टीएलआर-४ एकमेकांजवळ येतात आणि त्यांची आतल्या बाजूची टोकं जुळतात. त्या जुळलेल्या टोकांना आतून मायडी-८८ हे प्रथिन येऊन चिकटतं, त्याच्यामागून आयआरएके, मग ट्राफ-६. एकाने दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवायचं, त्याने तिसऱ्याला जागं करायचं, असा हा हातोहातचा निरोप आहे. शेवटी एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला बांधून ठेवणारं आय-कप्पा-बी तोडलं जातं, मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि आयएल-१-बीटा, आयएल-६, आयएल-८ सारखे संदेश लिहिणारी जनुकं चालू करतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकरही त्यात असतं.

हे शेवटचं डोळ्यांनी बघता येतं. पेशींवर एलपीएस घालून चोवीस तास ठेवायचं, वरचं द्रव वेगळं काढायचं आणि त्यात नायट्रिक ऑक्साइडची खूण रंगाने दाखवणारा ग्रीस अभिकर्मक टाकायचा. दहा मिनिटांत प्लेटच्या ज्या खळग्यांत पेशी चिडल्या होत्या तिथे जांभळट गुलाबी रंग चढतो, कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झाल्यावर दिसतो तसा. ज्यांना एलपीएस दिलंच नाही ते खळगे पांढरे राहतात. कितीदा केलं तरी तो रंग चढताना मी प्लेट प्रकाशासमोर धरून बघतेच.

म्हणजे कोंबडीच्या पेशींना एलपीएस कळतं, पक्कं कळतं. मग फरक कुठे? माणसात आणि उंदरात टीएलआर-४ला आत दोन वाटा आहेत. एक वर सांगितलेली. दुसरी ट्राम आणि ट्रिफ या दोन प्रथिनांमधून जाते आणि इंटरफेरॉन-बीटा हा आणखी एक संदेश बनवते. कोंबडीच्या जनुकसंचात ट्राम नाही. ट्रिफ आहे, पण एलपीएसचा निरोप त्याच्यापर्यंत पोचवणाराच नाही, त्यामुळे ही दुसरी वाट एलपीएसने उघडत नाही. स्वयंसेवक माणसांवरच्या प्रयोगांत किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एलपीएस शिरेतून दिलं तरी थंडी वाजून ताप येतो. ब्रॉयलरवरच्या प्रयोगांत किलोमागे मिलिग्रॅमच्या मात्रा देतात, पक्षी मलूल होतो, खाणं सोडतो आणि बहुधा सावरतो. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम. सगळा फरक एका ट्राममुळे पडतो असं कुणी म्हणू नये, पण या गोष्टीतला तो मोठा धागा आहे.

---

शिरूरकर · रविवार, रात्री ११:१५

ताई, छान लिहिलंय. माझी दहा हजारांची शेड आहे, तूस उपसल्यावरचा ताप मलाही येतो. मी हिवताप समजून दोनदा रक्त तपासलं, काही निघालं नाही.

पण एक पटत नाही. कोंबडीला एलपीएस एवढं सोसतं म्हणता, मग ई. कोलाय आला की माझे पक्षी धडाधड का मरतात? मागच्या पावसाळ्यात चौथ्या आठवड्यात रोज तीस-चाळीस मर होती. कापून बघितलं तर लिव्हरवर पांढरा पापुद्रा, हृदयावरही तसाच. हातानं सोलून निघत होता.

---

निवृत्त पशुवैद्य · सोमवार, सकाळी ७:३०

शिरूरकर, तो पापुद्रा जंतूंचा नाही, पक्ष्याच्या स्वतःच्या शरीराने घातलेला आहे. रक्तातून पाझरलेलं फायब्रिन आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी, दोन्ही मिळून तो थर होतो. कऱ्हाकाठ यांनी जो निरोप सांगितला त्याची ही शेवटची पायरी. आयएल-८ सारख्या हाका गेल्या की रक्तवाहिन्यांमधून पेशी बाहेर पडतात आणि हाकेच्या दिशेने जातात.

आपल्यात जखमेवर पहिल्यांदा न्यूट्रोफिल येतात. कोंबडीत न्यूट्रोफिल नसतात, त्यांच्या जागी हेटेरोफिल. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात विटकरी रंगाचे लांबट कण दिसतात. या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसतं. जंतू मारायला त्या बीटा-डिफेन्सिनसारख्या छोट्या प्रथिनांवर जास्त भिस्त ठेवतात. म्हणून कोंबडीचा पू माणसासारखा पातळ होऊन वाहत नाही. हवेच्या पिशव्यांत तुम्ही जो पिवळा, घट्ट, खरवसासारखा गोळा बघता तो पूच आहे. चाळीस वर्षांत असे किती गोळे चिमट्याने उचलले असतील.

आणि मर कशाने झाली म्हणाल, तर सोसणं म्हणजे अभय नव्हे. शुद्ध एलपीएस टोचणं निराळं आणि जिवंत, वाढणारा ई. कोलाय निराळा. पावसाळ्यात तूस ओलं, अमोनिया वाढलेला. अमोनियाने श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी लुळ्या पडतात, धुळीबरोबर जंतू थेट हवेच्या पिशव्यांत उतरतात. त्याआधी गंबोरो, म्हणजे पक्ष्याची प्रतिकारशक्तीच खच्ची करणारा विषाणूचा आजार, येऊन गेला असेल तर विचारायलाच नको.

---

गणेशखिंड · सोमवार, सकाळी ९:०५

एमएस्सीला आहे, इम्युनॉलॉजी शिकतोय. आमच्या वर्गात सगळं उंदरांवरचं असतं. कोंबडीत टीएलआर किती? आणि टीएलआर-९ ने जिवाणूंचा डीएनए ओळखणं तसंच का?

---

कऱ्हाकाठ · सोमवार, दुपारी १:४०

शिरूरकरदादा, डॉक्टरकाकांनी उत्तर दिलंच आहे. मी एवढंच जोडते: अँटिबायोटिकने जंतू फुटतो तेव्हा त्याच्या आवरणातलं एलपीएस मोकळं होतं. त्यामुळे औषध चालू केल्या केल्या पक्षी लगेच तरतरीत झाले नाहीत, तर औषध फुकट गेलं असं लगेच म्हणू नका. मेलेल्या जंतूचा निरोप काही वेळ चालूच असतो.

गणेशखिंड, कोंबडीत दहा: १ए, १बी, २ए, २बी, ३, ४, ५, ७, १५ आणि २१. टीएलआर-८ चं जनुक मोडलेलं सापडतं आणि टीएलआर-९ नाहीच. पण मेथिल गट न लागलेला सीपीजी डीएनए (सी आणि जी ही अक्षरं लागोपाठ असलेला), जो जिवाणूंत भरपूर आणि आपल्यात कमी असतो, तो कोंबडीच्या पेशींना ओळखता येतो. ते काम टीएलआर-२१ करतो, जो माशांतही आहे. वाट वेगळ्या पूर्वजांकडून आली, काम तेच. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यातच असे सीपीजीचे तुकडे दिले तर पिल्लं पुढे ई. कोलायच्या हल्ल्यात जास्त तगतात, असे प्रयोग झाले आहेत.

टीएलआर-१५ तर पक्षी-सरपटणाऱ्यांचाच, सस्तन प्राण्यांत मिळत नाही. त्याची तऱ्हा निराळी. तो एखाद्या रेणूला धरून बसण्याची वाट बघत नाही, जंतूंनी सोडलेल्या प्रथिनं कापणाऱ्या विकरांनी त्यालाच कापलं की तो जागा होतो. म्हणजे चोराने कडी तोडली की त्या तुटण्याचाच आवाज होतो.

---

टेकडीवाली · सोमवार, रात्री ८:२०

कऱ्हाकाठ, वेताळ टेकडी उतरता उतरता मोबाइलवर वाचलं आणि परत घरी येऊन वाचलं. बर्ड फ्लूच्या वेळी बातम्यांत म्हणायचे की बदकं आजारी न पडता विषाणू वाहतात आणि कोंबड्या पटापट मरतात. तेही याच प्रकारातलं का?

---

कऱ्हाकाठ · सोमवार, रात्री ८:५५

ताई, तो विषाणू आहे म्हणून ग्राहक वेगळा. पेशीच्या आत विषाणूचा आरएनए ओळखणारा रिग-आय बदकात आहे, कोंबडीत नाही. ते एक कारण आहे, एकमेव नाही. धागा जिवाणूंवरच ठेवू या, नाहीतर भरकटेल.

---

निवृत्त पशुवैद्य · मंगळवार, सकाळी ६:५०

टेकडीवाली ताई, २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा तो आजार निघाला तेव्हाचे दिवस मी विसरलेलो नाही. पण कऱ्हाकाठ म्हणते ते बरोबर, तो विषय वेगळा.

मला टीएलआर-५ बद्दल ऐकायचं आहे. आमच्या वेळी हे शब्द नव्हते. साल्मोनेलाच्या शेपटीबद्दल काहीतरी आहे ना?

---

कऱ्हाकाठ · मंगळवार, दुपारी २:१०

डॉक्टरकाका, हा माझा सगळ्यात आवडता भाग, तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

साल्मोनेलाच्या बऱ्याच जाती पोहतात. त्यासाठी त्यांना शेपट्या असतात, फ्लॅजेला. ही शेपटी फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाचे हजारो मणी एकावर एक रचून बनते आणि टीएलआर-५ नेमकं तेच ओळखतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर टीएलआर-५ असतो. साल्मोनेला एंटेरिटिडिस किंवा टायफिम्युरियम आतड्यात आले की त्यांच्या शेपटीमुळे आरडाओरडा होतो, आयएल-१-बीटा वाढतं, हेटेरोफिल जमतात आणि मोठ्या कोंबडीत मामला बहुतेक आतड्यापुरता राहतो. कोंबडी ठणठणीत दिसते. आपल्याला मात्र तिच्या अंड्यातून तो मिळू शकतो, म्हणून कच्चं अंडं खाऊ नये म्हणतात.

आता गॅलिनारम आणि पुलोरम बघा. पहिल्याने कोंबडीचा टायफॉइड होतो, दुसऱ्याने पिल्लांची पांढरी हगवण. या दोघांना शेपटीच नाही. ते पोहू शकत नाहीत आणि टीएलआर-५ला काही दिसत नाही. आतड्यात फारसा गलबला न होता ते अस्तर ओलांडतात, मॅक्रोफेजमध्ये शिरतात आणि तिच्यातच बसून यकृत-प्लीहेपर्यंत जातात. हे तपासायला संशोधकांनी शेपटी असलेल्या टायफिम्युरियमचीच शेपटी काढून टाकली. तो बिनशेपटीचा जंतू पिल्लांच्या शरीरात आत जास्त सहज पसरला. शेपटी नसणं हे एकच कारण नाही, गॅलिनारमची इतरही पुष्कळ जनुकं मोडलेली आहेत. पण आपण ज्याला जंतूचं व्यंग म्हणू, तेच त्याचं लपणं झालं.

---

निवृत्त पशुवैद्य · मंगळवार, रात्री ९:३०

हे वाचून मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. पांढऱ्या हगवणीसाठी ब्रीडर कोंबड्यांची तपासणी करायला आम्ही गावोगाव जायचो. पंखाखालची शीर टोचायची, रक्ताचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर घ्यायचा आणि त्यात जांभळ्या रंगाचं प्रतिजन, म्हणजे क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेले मारलेले पुलोरम, एक थेंब मिसळून फरशी हलवायची. कोंबडी बाधित असेल तर दोन मिनिटांच्या आत थेंबात जांभळ्या गुठळ्या दिसायला लागायच्या, दही फुटल्यासारख्या. कोंबडी बाहेरून धडधाकट, तुरा लाल, अंड्यावर. मालकाला विश्वास बसायचा नाही. ती अंड्यातून रोग पिल्लांना देते आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत पिल्लांची मागची बाजू पांढऱ्या घाणीने चिकटून बंद झालेली असते, हे समजावून ती काढून टाकायला लावणं हेच खरं कठीण काम होतं.

आज कळलं की तो जंतू कोंबडीच्या पहाऱ्याला दिसतच नव्हता. अँटिबॉडी बनायची, ती आम्हाला फरशीवर दिसायची, पण पहिली बोंब उठायची राहून जायची.

गणेशखिंड, तुझ्यासाठी एक. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीतला 'बी' कोंबडीतून आला. शेपटाजवळ बर्सा नावाची पिशवी असते, पादुआच्या फॅब्रिशियसने वर्णन केलेली. अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी काही कोंबड्यांची ही पिशवी लहानपणीच काढली होती. त्यांच्या सहकाऱ्याने, टिमोथी चँग यांनी, वर्गात दाखवण्यासाठी त्यातल्या कोंबड्या नेल्या, त्यांना साल्मोनेलाचं प्रतिजन टोचलं आणि अँटिबॉडी बनलीच नाही. १९५६ साली तो लेख कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला, त्याआधी मोठ्या नियतकालिकाने परत केला होता. आपल्याकडे गंबोरो ज्या पिशवीची नासाडी करतो ती हीच.

---

गणेशखिंड · मंगळवार, रात्री १०:०५

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या वर्गात सांगतो. धन्यवाद, सर.

---

शिरूरकर · बुधवार, सकाळी ८:४५

ताई, डॉक्टरसाहेब, अजून एक. पूर्वी पाण्यातून कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायचो, २०१९ ला सरकारने जनावरांसाठी बंद केलं. तेव्हा राग आला होता. ते नेमकं काय करायचं?

---

कऱ्हाकाठ · बुधवार, दुपारी १:१५

दादा, कोलिस्टिन लिपिड ए लाच जाऊन चिकटतं आणि जंतूचं आवरण फाडतं. त्याचा सख्खा भाऊ पॉलिमिक्सिन-बी मी रोज वापरते. पेशी खरोखर एलपीएसमुळेच चिडल्या की दुसऱ्या कशामुळे, हे ठरवायचं तर एलपीएसबरोबर थोडं पॉलिमिक्सिन-बी घालायचं. लिपिड ए झाकलं जातं, टीएलआर-४ला काही मिळत नाही आणि माझा तो कोकमाचा रंग फिका पडतो.

२०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. हे जनुक लिपिड ए वर एक रासायनिक गट चिकटवतं, त्यामुळे कोलिस्टिनला पकड मिळत नाही. आणि ते प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर, असल्यामुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, शेडमधल्या ई. कोलायकडून माणसाच्या अंगातल्या जंतूकडेही. दवाखान्यात, जेव्हा दुसरं काहीच लागू पडत नाही, तेव्हा शेवटचं म्हणून कोलिस्टिन देतात. माझ्या मैत्रिणीचे वडील असे अतिदक्षता विभागात होते. ते औषध शेडच्या टाकीत जायला नको, हे मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी काय, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगते. पक्ष्याच्या पेशी दिवसरात्र 'जंतू आला, जंतू आला' असा निरोप देत राहिल्या की आयएल-१-बीटामुळे भूक मंदावते, यकृत संरक्षक प्रथिनं करत बसतं आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. मर वाढायच्या आधीच एफसीआर, म्हणजे किती खाद्याला किती वजन हे प्रमाण, बिघडतो. सुपरवायझर खाद्याला दोष देतो, तुम्ही पिल्लांना. अशा वेळी पाण्याची लाइन उघडून आत बोट फिरवून बघा. बुळबुळीत थर लागला तर तो जिवंत-मेलेल्या जंतूंचाच आहे, आणि पक्षी प्रत्येक घोटाला तो पितोय. दोन लॉटच्या मध्ये लाइन धुणं, पाणी प्यायच्या निपलखालचं ओलं तूस रोजच्या रोज काढणं, पडदे उघडून अमोनिया जाऊ देणं, यातून निरोप कमी होतात.

---

निवृत्त पशुवैद्य · बुधवार, दुपारी ४:००

सहमत. आणि मर वाढली तर अंदाजाने औषध घालू नका. ताजे मेलेले दोन-तीन पक्षी बर्फावर ठेवून औंधच्या रोग अन्वेषण विभागात न्या. कोणता जंतू, त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कळल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

---

टेकडीवाली · बुधवार, रात्री ९:१०

पण काकांच्या तापाचं काय? तो प्रश्न मागेच राहिला.

---

कऱ्हाकाठ · बुधवार, रात्री ९:४०

खरंय ताई. काकांच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजना ती धूळ मिळते आणि आपल्या टीएलआर-४च्या दोन्ही वाटा चालू असतात. चार ते आठ तासांत थंडी, ताप, छाती जड, आणि दिवसभरात उतार. हे वर्णन सेंद्रिय धुळीच्या तापाशी तंतोतंत जुळतं. धुळीत बुरशीही असते, म्हणून सगळा दोष एलपीएसचा असं मी म्हणत नाही. पण वर्षातून पाच-सहा लॉट आणि प्रत्येक वेळी फुप्फुसात ही सूज, हे बरं नाही. काकांना आता वर्षभर कोरडा खोकला असतो आणि ते त्याला 'हवा बदलली' म्हणतात. मी फुप्फुसाची तपासणी करायला पुण्याला घेऊन येणार आहे. उपरण्यातून ही बारीक धूळ आरामात आत जाते, त्याला एन-९५ मुखपट्टीच हवी. शिरूरकरदादा, तुम्हालाही हेच सांगते, आणि गड्यांनाही द्या.

---

कऱ्हाकाठ · सात आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. आज पुढचा लॉट निघाल्यावरचं तूस उपसलं. आदल्या संध्याकाळी काकांनी पाठीवरच्या पंपाने तुसावर पाणी मारलं, चिखल होणार नाही इतपत. सकाळी पडदे दोन्ही बाजूंनी पूर्ण वर. तिघांच्या तोंडाला एन-९५, नाकावरची पट्टी मी स्वतः दाबून बसवली. काका पहिला तास कुरकुरत होते, श्वास कोंडतो म्हणून. दुपारी मुखपट्टी काढली तेव्हा बाहेरचा भाग मातकट तपकिरी आणि आतला पांढरा होता. त्यांनी ती उलटसुलट करून दोनदा बघितली, मग गड्याला दाखवली.

सात वाजले, आठ वाजले. काकू मधूनमधून त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होती. नऊला ते भाकरी-पिठलं खाऊन झोपले.